धोंड्याच्या महिन्यातला जवाई

माझा पोरगा बायकोला मारायचा तो माझ्या मशीनच्या आवाजात.

हुडकेश्वरला आमचं दोन मजली घर आहे. खाली माझं मिरची कांडप. वर रजत, त्याची बायको दीपमाला आणि पाच वर्षांची नात पूर्वी. उन्हाळ्यात बायका भिवापुरी मिरच्या वाळवून पोत्यांनी आणतात आणि कांडप सकाळपासून धडधडत असतं. समोर उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, मग वरचं मला ऐकू येणार कुठून? रजतला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा प्लॉटचा धंदा. गिऱ्हाइकाशी असा गोड बोलतो की माणूस नाल्यातली जागाही हसत घेऊन जाईल. घरी आला की गाडी लावायचा, माझ्याकडे पाहून हसायचा आणि वर जायचा. मशीन बंद असली तर खालीच माझ्याजवळ बसून गप्पा मारायचा. मी चार बायकांत सांगायची, असा मायेचा पोरगा कोणाच्या पोटी नाही.

वैशाखात एका दुपारी लाईट गेली. मशीन हळूहळू थांबली. वरचं थांबलं नाही.

गादी झटकावी तसा आवाज येत होता. मधेच रजतचा आवाज, अगदी हळू. "तोंड उघडलं तर पाहजो." आणि पूर्वी कुठल्याशा कोपऱ्यात मोठमोठ्यानं बाराखडी म्हणत होती. क, का, कि, की.

मिरच्या घेऊन बसलेली ढोबळेबाई मान खाली घालून फरशीकडे पाहू लागली.

"काहून वं," मी म्हटलं, "फरशी नाही पाहिली का कधी?"

"आता काय बोलू शेवंताबाई. आमच्या मागच्या खिडकीतून रोजच ऐकू येते. तुमाले मशीनीनं नसन येत."

"आन् तू मले आज सांगून राहिली?"

"तुमाले कोण सांगन बापा! तुमचं तोंड काय आमाले माहीत नाही?"

तिला मी तिथंच बसवली आणि वर गेले. रजत आरशासमोर केसांत कंगवा फिरवत होता. दीपमाला पलंगाच्या आडोशाला बसली होती, ओढणी गळ्याशी घट्ट धरून.

"लाईट येईन माय," तो म्हणाला. "तू जाय खाली. गिऱ्हाईक बसलं असन."

मुसळ आणून त्याच्या टाळक्यात घालावं असं वाटलं. पण दीपमालेनं माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही, नाही म्हणून. या घरात माझ्याकडे पाहून कोणी नाही म्हणत नाही. मी थबकले. "लाईट आली की सांग," असं काहीतरी बोलून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी तो प्लॉट दाखवायला लेआउटवर गेल्यावर तिला मिरच्यांचे देठ काढायला खाली बोलावलं. देठ काढता काढता विचारलं, "गळा दाखव."

तिनं दाखवला. ओढणीचा वळ होता, जनावराच्या दाव्याचा असतो तसा.

"मले काहून नाही सांगितलं?"

"आत्याबाई, तुमचा पोरगा आहे."

"मंग काय झालं? माझा आहे म्हणून त्याची आरती करू?"

ती हसली नाही. म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं, मायले सांगशीन तर पहिले पोरीले पाण्याच्या टाकीतून काढा लागन."

माझ्या हातातली मिरची तिथंच मोडली. तिखट हात मी डोळ्याला लावला की काय ठाऊक नाही, डोळे मात्र आग आग झाले.

इतवारीतून हळकुंड आणतो असं सांगून आम्ही दोघी निघालो आणि बायकांच्या समुपदेशन केंद्रात गेलो. तिथं नंदिनी म्हणून बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं दीपमालेला आधी एकटीला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. मला! मी उठून जाणारच होते. मग तिनं बोलावलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही काय करायचं ठरवलंय?"

"काय म्हणजे? चार माणसं बोलावतो आन् त्याले चौकात जोड्यानं हाणतो."

"एक दिवस तुम्ही हाणाल. बाकीचे दिवस तो हाणेल. आणि ज्या दिवशी त्याला कळेल की ही जाणार आहे, त्या दिवशी तो जीव घेईल. गळ्यापर्यंत हात गेलाय त्याचा. असा माणूस बायको निघाली की सगळ्यात जास्त बिथरतो."

मला कोणी असं तोंडावर बोललेलं खपत नाही. पण तिनं खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

तिथं बसून आम्ही ठरवलं. तो तापला की दीपमालेनं स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथं सुरी असते, उकळतं तेल असतं. दाराजवळ सरकायचं. तिचे आणि पोरीचे कागद, दोन कपडे, औषध, सगळं हळूहळू खाली आणून माझ्या मिरचीच्या पोत्यांत लपवायचं. रजतला मिरचीच्या ठसक्यानं शिंका येतात, तो पोत्यांकडे फिरकत नाही. तिचा मोबाईल घरीच सोडायचा, कारण त्यात ती कुठं आहे ते त्याला दिसत होतं. आणि जायचं माहेरी नाही.

"माहेरी काहून नाही?" दीपमालेनं विचारलं.

"तो पहिला तिथंच येईल," नंदिनी म्हणाली. "आईलाही सध्या पत्ता सांगू नका. आई वाईट असते म्हणून नाही. आईचं मन वळवणं सोपं असतं म्हणून."

ते मी मानेनं झटकून टाकलं. माझं कोणी वळवून दाखवावं.

जागा मी काढली. रामटेकला माझी लहानपणची मैत्रीण आहे, अंजना. तिच्याकडे बुद्धवंदना, माझ्याकडे गणपती, आणि दोघींचं खाणं एका ताटात. तिचं नावसुद्धा रजतला ठाऊक नव्हतं. आईला मैत्रिणी असतात हे पोरांच्या डोक्यात येतच नाही.

एका सकाळी रजत गिऱ्हाइकं घेऊन लेआउटवर गेला. दीपमालेनं पोळ्या करून झाकून ठेवल्या, मोबाईल चार्जिंगला लावला आणि पोरीचा हात धरून रिकाम्या हातानं निघाली. मागून माझं एक पोतं ऑटोत गेलं. गल्लीला वाटलं मिरची चालली.

संध्याकाळी त्यानं वरून हाक मारली. मग खाली आला.

"दीपा कुठं आहे?"

"वर नाही का?"

"माय, मले येडं नको समजू."

"तुले समजायले मले वेळ नाही. तीन पायल्या मिरची राहिली आहे."

त्यानं टीव्ही फोडला, आरसा फोडला. पोरीची तीनचाकी भिंतीवर आपटली. मग गाडी काढून सावनेरला गेला, दीपमालेच्या आईकडे, नंदिनी म्हणाली होती तसाच. हात हलवत परत आला. चारसहा दिवसांनी तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. "माझी पोट्टी आणून दे माय. मी बदललो."

मी त्याला वरणभात वाढला. केसांवरून हात मात्र फिरवला नाही. तो नीट जेवला, वर लोणचंही मागितलं. बदललेला माणूस लोणचं मागत नाही.

इतक्यात अधिक महिना लागला.

विहीणबाईंबद्दल सांगते. कुसुमताई सावनेरला एकटीच राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बाई पापभीरू, पण पाप कशाला म्हणावं ते तिला समजत नाही. रजतनं तिला सांगून ठेवलं होतं की तुमची पोरगी कोणाचा तरी हात धरून पळाली. तिनं अन्न सोडलं. इकडे दीपमालेला आईच्या काळजीनं राहवलं नाही. अंजनाच्या फोनवरून तिनं आईला फोन केला, रडली, गळ्याचंही सांगितलं, कुठं आहे तेही सांगून बसली. "त्याले सांगू नको" म्हणाली. आईनं गळ्याची शपथ घेतली.

आणि त्यात हा अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. हा महिना तीन वर्षांनी येतो. लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. जावई म्हणजे त्या दिवशी नारायण. कुसुमताईच्या मनानं घेतलं की नारायणाचे पाय धुतले की त्याचा राग उतरेल आणि पोरीचा संसार जाग्यावर येईल. दुसरं म्हणजे भाऊबंदांत सगळ्यांचे जावई येऊन जेवून गेले होते. हिचा जावई आला नाही तर लोकांत तोंड कसं दाखवायचं? ज्यानं पोरीचा गळा आवळला त्याला हिनं फोन करून आमंत्रण दिलं. पोरीला मात्र सांगितलं, आपण दोघीच आहोत, चार दिवस ये.

मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सकाळी रजत जिना उतरला तो नवा सदरा घालून, अत्तर लावून. हातात साडीचा डबा.

"कुठं चालली स्वारी?"

"सावनेरले. सासूबाईनं धोंडे जेवाले बोलावलं." तो हसला. "दीपालेही आणून राहिली तिथं. तुले नसन सांगितलं."

चेहरा मी हलू दिला नाही. "थांब, पन्हं घेऊन जाय. ऊन पाहून राहिला ना कसं आहे."

"येतानी तिघं मिळून पिऊ," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

मी अंजनाला फोन लावला. ती म्हणाली, "अवं, तिची माय सकाळीच नेऊन गेली तिले. माय आहे म्हणून मी जाऊ देल्लं. तू त्याच्याबद्दल सांगितलं होतं, मायबद्दल थोडीच सांगितलं होतं!" नंदिनीला फोन लावला. तिनं विचारपूस केली नाही. "मी सावनेर पोलिसांना कळवते. तुम्ही एकशे बारा लावा, घराचा पत्ता सांगा आणि निघा. एकट्यानं मध्ये पडू नका." मी फोन लावला, पत्ता दोनदा सांगितला, ढोबळेबाईच्या नवऱ्याला झोपेतून उठवून त्याची गाडी काढायला लावली.

"काय झालं शेवंताबाई?"

"बोलू नको. गाडी चालव."

रस्ताभर कोळशाचे ट्रक आडवे येत होते आणि मी एकेका ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होते.

पोलिसांच्या आधी मी पोचले. ओसरीत भाऊबंदांच्या बायका, दोन-तीन काका, पंगतीची तयारी. मधोमध दोन पाट. रजत पाय परातीत सोडून बसलेला. कुसुमताई वाकून हळदीच्या पाण्यानं ते पाय धूत होती. पलीकडे दीपमाला. पूजेत बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. इथं उलटं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं होतं आणि तिची बोटं काळी-निळी पडली होती. सगळ्यांना ते प्रेम दिसत होतं. एका बाईनं तर मोबाईलवर फोटो काढला.

"विहीणबाई!" कुसुमताई उजळली. "बरं झालं वं आल्या. या, तुम्हीही कुंकू लावा."

"पाय कायले धुता?" मी म्हटलं. "हात धुवा त्याचे. घाण हाताले आहे."

हसू थांबलं. रजत जागचा हलला नाही. "माय, घरी बोलू."

"दीपमाला, ऊठ."

"अर्ध्या पूजेतून उठू नये वं बाई," एक म्हातारी म्हणाली. "वाईट होते."

"याच्यापेक्षा वाईट काय व्हाचं राहिलं, आजी?"

दीपमाला आईकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "माय, त्याले सोडाले सांग ना."

कुसुमताईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती जावयाकडे पाहून केविलवाणी हसली. "असू दे वं बेटा. आज नारायण आहेत ते."

मी वाकले आणि वाणाचं तबक उचलून त्याची कड रजतच्या बोटांवर हाणली. अनारसे ओसरीभर पसरले. त्याची पकड सुटली. दीपमाला उठून दाराकडे धावली. ती दारापर्यंत पोचलीही, पण पूर्वी कुसुमताईच्या मागे उभी होती आणि पोरीला टाकून ही बाई पुढं पाऊल टाकू शकली नाही. ती वळली. तेवढंच त्याला पुरलं. त्यानं माझ्या हातातलं तबक हिसकावलं आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर मारलं. पाटाची फळी मोडावी तसा आवाज झाला. ती पडल्यावरही त्यानं आणखी मारलं. नुकतेच धुतलेले, हळद लागलेले पाय होते, त्यांनी मारलं.

काका लोक आता पुढं आले. चौघांनी मिळून त्याला धरला. इतका वेळ ते पंगत कधी बसते याची वाट पाहत होते.

"जवाईबापू, असं काय करता," कुसुमताई म्हणत होती. अजूनही जवाईबापू.

पोलिसांची गाडी आली तेव्हा दीपमालेच्या तोंडातून रक्त येत होतं आणि पूर्वी बाराखडी म्हणत होती. हवालदारानं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"याची आई."

"जबाब देणार?"

"लिहा. आन् नीट लिहा. उद्या कोणी येऊन म्हणन का म्हातारीचं डोकं फिरलं होतं, तं त्याचंही नाव लिहून ठेवा."

रजत गाडीत बसता बसता माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू माय नाही."

"मायच आहो. म्हणून तर तुले वळखतो."

दीपमालेच्या जबड्याला तारा लावल्या. खालचे पुढचे दात गेले. मेडिकल हॉस्पिटलात ती नळीनं दूध घेत पडली होती, तेव्हा कुसुमताई दाराशी येऊन मला म्हणाली, "तुम्ही नसत्या आल्या तर तो जेवून गेला असता. सारं मिटलं असतं. तुम्ही माझ्या पोरीचा संसार मोडला."

"तुमच्या पोरीचा जबडा कोणी मोडला?"

"तुम्ही त्याले डिवचलं."

मी वळून नर्सला सांगितलं, या बाईला आत सोडू नका. पोरीची माय आहे म्हणून सोडू नका, हे मुद्दाम सांगितलं. ती बाहेर जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडली. रडू दिली.

नंदिनी आली. म्हणाली, "आता रामटेक गेलं. दूरची जागा पाहिलीय, जिल्ह्याबाहेर. तिला बरं वाटलं की पोहोचवू. दीपमालेला तुम्हाला पत्ता सांगायचाय. तिनं लिहून दिलंय, फक्त आत्याबाईंना सांगा. सांगू का?"

पत्ता मला हवा होता. पूर्वीचे कपडे तिथं पाठवायचे होते, पहिलीत नाव घालायचं होतं, दिवाळीला अनारसे नाही, चिवडा तरी पाठवायचा होता. तोंडात शब्द आला होता. पण सावनेरच्या ओसरीत मी पाहिलं होतं की आईला कसं वळवतात. त्यात आई मूर्ख असावी लागत नाही. पोटचं पोरगं रडलं की पुरतं. आज मी दगड आहे. उद्या तो काविळीनं पडला, वाळून काडी झाला, पोरीचं नाव घेत तळमळला, तर मी दगड राहीन याची हमी मला कोण देणार?

"नको," मी म्हटलं. "मले नका सांगू."

"काकू, तिचा विश्वास आहे तुमच्यावर."

"तिचा असन. माझा नाही. मी त्याची माय आहो. फोन नंबरही नका देऊ. पोट्टीनं मागितला माझा, तरी नका देऊ."

पूर्वीला शेवटची पाहिली ती केंद्राच्या गाडीत. ती काचेला नाक लावून होती. मी हात हलवला नाही. हात हलवला असता तर ती उतरायला लागली असती.

रजत जामिनावर सुटला. बायकोजवळ जायचं नाही अशी त्याच्यावर अट आहे. आईजवळ जायचं नाही असं कोणी लिहून घेतलं नव्हतं, मलाही ते सुचलं नाही. श्रावणात एका दुपारी तो सुटल्यानंतर पहिल्यांदाच घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. त्यानं मशीन सुरू केली. कांडायला काही नव्हतं, रिकामीच सुरू केली. मग माझ्यासमोर पिढं ओढून बसला आणि माझा उजवा हात हातात घेतला, अगदी लहानपणी धरायचा तसा.

"कुठं आहे?" त्यानं ओरडून विचारलं.

"मले ठाऊक नाही."

त्यानं करंगळी मागं वाकवली. "कुठं आहे?"

"अरे भैताडा, ठाऊक नाही मले."

करंगळी मोडली. आवाज मशीनीत गेला. तो पुढच्या बोटावर आला. त्याला वाटत होतं मी सोसून राहिली आहे, लपवून राहिली आहे, आणि थोडं आणखी वाकवलं की ओकेल. त्यानं माझ्या तोंडाशी तोंड आणून डोळ्यांत पाहिलं. पाहू दिलं. त्या डोळ्यांत शोधायला काही नव्हतं, जिल्ह्याचं नाव नाही, गल्ली नाही, एक अक्षर नाही. दुसरं बोटही गेलं. तिसऱ्यावर त्याचा हात थांबला. माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.